चरबीतल्या दुखऱ्या गाठी: तुकडा काढायचा की नाही?

या वेळच्या पत्रांत बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे. पायावर नाहीतर दंडावर कातडीखाली दुखऱ्या गाठी येतात, जातात, परत येतात, आणि नक्की काय झालंय ते कुणी धड सांगत नाही. म्हणून आजचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. कातडीखालच्या चरबीच्या थराला सूज आली की त्याला पॅनिक्युलायटिस म्हणतात, पण हा काय एक आजार नव्हे, टीबीपासून स्वादुपिंडापर्यंत कितीतरी कारणं त्याच्यामागं असतात आणि वरून बघितलं तर सगळ्यांचं रूप जवळपास सारखंच, लाल, गरम, दुखरी गाठ. फोटो पाठवून "हे काय आहे सांगा" असं विचारणाऱ्यांनी राग मानू नका, पण फोटोवरून हे कळत नाही, गाठ बोटानं चाचपावी लागते.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. वय ३४, राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. दिवाळीच्या आधीपासून दोन्ही नडग्यांवर लाल गाठी यायला लागल्या, साडी घासली तरी कळ येते. सासूबाई म्हणाल्या मुका मार असेल, आंबेहळदीचा लेप लावून झाला. मग जवळच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात सगळं गायब, गोळ्या बंद केल्या की परत हजर, आणि आता पोटरीवर नि मांडीवर पण आल्यात. स्किनचे डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात, घरातले म्हणतात चाकू लावला की पसरतं. काय करू?

उत्तर: ताई, पसरत नाही. हे पहिल्यांदा सांगून टाकतो, कारण या एका भीतीपायी लोक वर्ष-वर्ष घालवतात. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, करून घ्या.

आता का ते सांगतो. दोन्ही नडग्यांवर अचानक लाल दुखऱ्या गाठी, सोबत थोडा ताप, सांधे धरल्यासारखे, असं असेल तर बहुतेक वेळा तो इरिथेमा नोडोसम असतो, चरबीच्या सुजेतला सगळ्यात कॉमन प्रकार, आणि बायकांत पुरुषांपेक्षा बराच जास्त. त्याची खूण म्हणजे गाठ फुटत नाही, लालाची जांभळी होते, मग मुका मार लागल्यावर होते तशी हिरवी-पिवळी होत जाते आणि व्रण न ठेवता जाते (सासूबाईंचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता बघा). साधारण ३ ते ६ आठवड्यांत हे आटोपतं. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी होतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी होतं, सल्फाच्या औषधांनी होतं, सारकॉइडोसिसमध्ये, आतड्याच्या जुनाट सुजेत होतं, आणि आपल्याकडं टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. बऱ्याच जणांत शोधूनही कारण सापडत नाही. चित्र असं स्वच्छ असेल तर मी स्वतः बायोप्सीच्या नादाला लागत नाही, घशाची तपासणी, सीबीसी, ईएसआर, एएसओ या रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, माँटू टेस्ट (टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती), एवढं करायचं, पाय उंच ठेवून आराम आणि दुखण्याच्या गोळ्या, बस्स.

तुमचं मात्र तसं राहिलेलं नाही. दिवस जास्त झाले, गाठी नडगी सोडून पोटरीवर आणि मांडीवर गेल्या, आणि स्टिरॉइड थांबलं की परत येतात, म्हणजे आता नुसत्या अंदाजावर गोळ्या खाण्यात अर्थ नाही. संत्र्याची फोड डोळ्यांसमोर आणा, आतले रसाचे दाणे म्हणजे चरबीचे कप्पे आणि मधले पांढरे पापुद्रे म्हणजे त्यांच्यातल्या भिंती. सूज भिंतीत आहे की कप्प्यात, आणि तिथल्या रक्तवाहिन्या सुजल्यात का, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि त्यावरून पुढची वाट ठरते. इरिथेमा नोडोसममध्ये सूज मुख्यतः भिंतीत असते, टीबीशी संबंधित गाठीत, ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), स्वादुपिंडाच्या आजारात कप्प्यांत.

पण खरी ग्यानबाची मेख पुढंच आहे. तुकडा चरबीपर्यंत खोल गेला तरच हे सगळं दिसतं. ३-४ मिलिमीटरच्या पंचनं, म्हणजे गोल पोकळ पात्यानं, वरवर घेतलं की नुसती कातडी येते, चरबी निसटून आतच राहते, आणि मग रिपोर्ट येतो "स्पेसिफिक काही नाही", आणि पेशंट म्हणतो बायोप्सी नॉर्मल आली. नॉर्मल कुठली, आजार होता तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही! म्हणून या आजारात जागा बधीर करून बारीक लांबट काप घेऊन खालच्या चरबीसकट तुकडा काढतात, दोन-चार टाके पडतात, पायाचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. गाठ नवीन, चांगली दुखणारी निवडायची, विझत आलेली नको, जुन्या गाठीत सगळ्याच आजारांचा शेवट सारखाच दिसतो. आणि एक गोष्ट तुम्ही तोंड उघडून विचारा, तुकड्याचा एक भाग फॉर्मलिन (तुकडा टिकवायचं रसायन) न घालता सलाइनमध्ये कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवणार का? फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं नाहीतर बुरशीचं कल्चर कशातून करणार? टीबीच्या कल्चरला ६-८ आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धरा.

स्टिरॉइड सध्या कुठल्या डोसला चालू आहे, कधी थांबवलं, हे स्किनच्या डॉक्टरांना खरं सांगा. चालू असेल तर मनानं एकदम तोडू नका. त्यानं बायोप्सीचं चित्र पुसट होतं, माँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि आत टीबी असेल तर तो झाकला जातो नि वाढतो. गोळीनं आठवड्यात गाठी गेल्या म्हणजे निदान झालं असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही, स्टिरॉइडनं जवळपास कुठलीही सूज काही दिवस बसते.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आम्ही कागलकडचे. आईचं वय ५२. दोन्ही पोटऱ्यांना मागच्या बाजूला गाठी येतात, थंडीत जास्त, फुटतात, चिघळतात, काळे डाग राहतात. खोल बायोप्सी झाली, माँटू २२ मिलिमीटर आली. डॉक्टर टीबीची औषधं सुरू करा म्हणतात. पण आईला खोकला नाही, एक्स-रे साफ आहे, तुकड्यात टीबीचा जंतूही मिळाला नाही. पाहुणे म्हणतात उगंच टीबीचा शिक्का मारून घेऊ नका.

उत्तर: दादा, पाहुण्यांना चहा द्या आणि औषधं सुरू करा.

नडगीवर येऊन न फुटणारी गाठ वेगळी आणि पोटरीवर मागं येऊन फुटणारी, व्रण ठेवणारी वेगळी. या दुसरीला इरिथेमा इंड्युरेटम म्हणतात, बाझँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानंही ती ओळखली जाते, त्यांनी १८६१ मध्येच तिचं वर्णन करून ठेवलंय. यात पायात टीबीचे जंतू ठाण मांडून बसलेले असतात असं नाही. शरीरात कुठंतरी दडलेल्या टीबीला आपली प्रतिकारशक्ती जोरात उत्तर देते आणि त्याची झळ पोटरीतल्या चरबीला नि तिथल्या रक्तवाहिन्यांना लागते. म्हणून तुकड्यात जंतू सहसा दिसत नाहीत, कल्चर निगेटिव्ह येतं, पीसीआर सुद्धा कधी पॉझिटिव्ह कधी निगेटिव्ह. मग ठरवायचं कशावरून, तर जागा, फुटणं, बायोप्सीत कप्प्यांची सूज अधिक रक्तवाहिन्यांची सूज, आणि एवढी मोठी माँटू, हे सगळं एकत्र धरून. एकट्या माँटूवर मीही औषध सुरू केलं नसतं, आपल्याकडं कितीतरी धडधाकट माणसांची ती पॉझिटिव्ह येते. हेच चित्र टीबीशिवायही होऊ शकतं, म्हणून हिपॅटायटिस सी तपासलंय का तेवढं विचारा.

औषधं किमान ६ महिने, पूर्ण. लघवी केशरी-लाल होते, त्याला घाबरू नका, ते रिफॅम्पिसिनमुळं. डोळे पिवळे दिसले, सारखी मळमळ सुरू झाली तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. सरकारी कार्यक्रमात नोंद करा, औषध फुकट मिळतं आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. पहिल्या दोन-चार आठवड्यांत नवीन गाठ आली म्हणून औषध लागू पडेना असं ठरवू नका, बसायला वेळ लागतो. शिक्क्याचं म्हणाल तर तिच्यापासून घरात कुणाला लागण होणार नाही, फुप्फुस साफ आहे. ताट-वाटी वेगळी करायला निघालं असेल कुणी तर तेवढं थांबवा.

प्रश्न: इचलकरंजीला मागावर कामाला आहे, वय ४१. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू होऊन पाच महिने झाले. आता अंगभर, तोंडावर, हातावर लाल दुखऱ्या गाठी आल्या, ताप येतोय. गोळ्यांची रिअ‍ॅक्शन आली म्हणून मी बंद केल्या. बरोबर केलं ना?

उत्तर: नाही भाऊ. लगेच परत दवाखाना गाठा, दोन दिवसांनी नाही, आजच. ही बहुतेक कुष्ठरोगातलीच टाइप टू रिअ‍ॅक्शन आहे, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर भडकतं, उपचार चालू असताना येते, कधी उपचार संपल्यावरही येते. यात एमडीटी, म्हणजे तुमच्या कुष्ठरोगाच्या गोळ्या, चालूच ठेवतात आणि वरून रिअ‍ॅक्शनचं औषध देतात. त्या गोळ्यांतल्या डॅप्सोनची अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, त्यातही ताप आणि अंगावर पुरळ असतं, पण हे दोन्ही घरी बसून वेगळं करता येत नाही. हातपायाला मुंग्या, पकड ढिली होणं, डोळा लाल होऊन दुखणं, अंडकोश दुखणं यातलं काही असेल तर जाताच आधी ते सांगा, तिथं उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

बाकी वाचकांसाठी. गाठी नडगी सोडून तोंडावर, हातावर असल्या तर कुष्ठरोग तपासायलाच हवा, कानाच्या पाळीतून स्लिट स्मिअर घेतात, छोटीशी तपासणी आहे. कुष्ठरोग गेला असं समजून आता डॉक्टरही ती विसरायला लागलेत असं माझं मत आहे, नाराज होणाऱ्यांनी व्हावं.

प्रश्न: वहिनीच्या दंडावर आणि गालावर आधी गाठ होती, ती गेली पण तिथं खड्डा पडलाय. वय २८, कुणी म्हणतं ल्युपस, कुणी म्हणतं दुसरी बायोप्सी करा. एक झाली ना, परत कशाला?

उत्तर: गाठ जाताना खड्डा ठेवून जाते म्हणजे तिथली चरबी नष्ट झाली. दंड, खांदे, गाल, कुल्ले अशा जागी हे होत असेल तर ल्युपस पॅनिक्युलायटिसचा नंबर वरचा लागतो. एएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही, आणि तो आहे म्हणून अंगभरचा ल्युपस असेलच असंही नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बऱ्याच जणांना लागू पडतं, त्यावर असताना डोळ्यांची तपासणी चुकवू नका. खड्डा मात्र औषधानं भरत नाही, पुढचा पडू नये म्हणून घाई करायची.

दुसरी बायोप्सी का, तर याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा चरबीतला एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आहे, आणि पहिल्या तुकड्यात दोघांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. सारखा ताप, वजन उतरणं, रक्तातल्या पेशी कमी होणं, फेरिटिन खूप वाढणं, असं काही असेल तर डॉक्टर तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींची जात ओळखायची तपासणी) मागवतात. त्यामुळं कुणी दोनदा, तीनदा तुकडा मागितला तर तो गोंधळलाय असं समजू नका. आणि आधीच्या बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) नि स्लाइड लॅबकडून मागून जपून ठेवा. मुंबईला टाटाला किंवा कुठंही दुसरं मत घ्यायचं झालं तर तोच लागतो, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर कुणी काही सांगू शकत नाही.

प्रश्न: महाद्वार रोडला दुकान आहे, वय ५८, वजन जास्त, दिवसभर उभं राहणं. दोन्ही घोट्यांच्या वरची कातडी तांबूस-काळी, लाकडासारखी कडक झालीय, मधूनच लाल होऊन ठणकते. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स होतो. तुमचे लेख वाचून मी म्हटलं आता बायोप्सी करावी.

उत्तर: काका, तुम्ही नका करू! तुमची बहुधा लायपोडर्मॅटोस्क्लेरोसिस आहे, शिरांमधून रक्त वर चढत नाही, साचून राहतं आणि तिथली चरबी सुजून कडक होते. अशा जागी काप घेतला तर जखम महिनोन् महिने भरत नाही, म्हणून शक्यतो तुकडा काढायचा टाळतात. शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करा. आणि एकाच वेळी दोन्ही पायांना सेल्युलायटिस, म्हणजे जंतूंमुळं कातडीला सूज, होणं तसं विरळच, तेव्हा पुढच्या वेळी अँटिबायोटिक लिहून दिलं की हे विचारा. उपाय म्हणजे प्रेशरचे मोजे, पण ते घालायच्या आधी पायाच्या धमनीचा प्रवाह बरा आहे ना ते तपासून घ्या, तिथं अडथळा असेल तर मोज्यानं उलटा त्रास. दुकानात स्टूल ठेवा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाय वर.

प्रश्न: भावाच्या घोट्याजवळ गाठी फुटून तेलकट काहीतरी येतंय, सांधे पण सुजलेत. रोज पितो. पोट दुखत नाही म्हणतो.

उत्तर: उद्यावर टाकू नका, कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात न्या नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात, आणि रक्तातलं लायपेज, अमायलेज करायला सांगा. स्वादुपिंडातून सुटलेली एन्झाइम्स पायातली चरबी विरघळवतात, तेव्हा असं तेलकट येतं, आणि पोट न दुखताही हे होऊ शकतं. लायपेज वाढलेलं निघालं तर पोटाचा सीटी स्कॅन लागेल, कारण यामागं कधी नुसती सूज असते, कधी स्वादुपिंडाची गाठ. तो किती पितो ते डॉक्टरांना तुम्ही सांगा, तो कमीच सांगणार.