तोंडी सगळं येतं, वहीत उतरत नाही

प्रश्न : मुलगा चौथीत, वय नऊ. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, बाजाराचा हिशेब तोंडी करतो. वही उघडली की ‘घर’चं ‘धर’ होतं, जोडाक्षराशी अडतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो. शाळेत त्याला आळशी म्हणतात. आम्ही चुकलेला शब्द दहादा लिहून घेतो, तरी फरक नाही.
— एक आई, देवगड

उत्तर : आळशी मूल बाजाराचा हिशेबही टाळतं. तुमचा मुलगा तो करतो, हे शाळेत जरूर सांगा. तोंडी आणि लेखी कामात एवढं अंतर असेल तर अध्ययन अक्षमता, त्यातही वाचनाची म्हणजे डिस्लेक्सिया, असण्याची शक्यता असते. बुद्धी चांगली असते, पण ध्वनी आणि अक्षर यांची गाठ पटकन बसत नाही.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं अर्धंच उतरवणं नुसत्या चष्म्याच्या नंबरानेही होतं. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल, तर पत्र्यावर पाऊस वाजत असताना बाईंचं निम्मं बोलणं निसटतं. दोन्ही ठीक निघालं तर पंधरा दिवस चुका टिपून ठेवा : शब्द कोणता, वाचला काय, लिहिला काय. मराठीत घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घ-ध, भ-म, ब-व दिसायला जवळचे. पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘र’ तर ‘क्रम’, ‘कर्म’, ‘ट्रक’ अशा दर ठिकाणी रूप बदलतो. पहिली-दुसरीत या चुका सगळीच मुलं करतात. चौथीतही त्या तितक्याच राहिल्या तर तपासणी हवी. घरात मालवणी असेल आणि तो ‘मला’च्या जागी ‘माका’ लिहीत असेल, तर ते या यादीत धरू नका. ती घरची भाषा आहे, अक्षमता नव्हे.

दहादा लिहून घेणं आजपासून बंद करा. दोन-तीन ओळींनंतर मूल तोंडाने काही न म्हणता नुसता आकार उतरवत जातं, आणि आकार चुकीचा असेल तर तोच हातात बसतो. त्याऐवजी एका वेळी एकच अक्षर घ्या. पुळणीवर किंवा ताटात तांदळाचं पीठ पसरून ते वीतभर मोठं काढायचं, बोट फिरत असतानाच आवाज मोठ्याने म्हणायचा. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नका. घ पक्का झाल्यावर आठवड्याने ध. जोडाक्षरं चिठ्ठ्यांवर फोडा : ‘पुस्तक’साठी पु, स्, त, क अशा चार चिठ्ठ्या, मग स् आणि त जवळ सरकवायचे. वाचन रोज १० ते १५ मिनिटं पुरे. एक वाक्य तुम्ही वाचा, तेच दोघं मिळून, मग तो एकटा. शाळेतून आल्या आल्या बसवू नका, थकलेलं मूल जास्त चुकतं. ओळ सुटत असेल तर पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावरून सरकवत न्या.

शाळेकडे तीन गोष्टी मागा : तयारीशिवाय वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नये, विज्ञान-भूगोलात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, आणि शक्य तिथे उत्तर तोंडी घ्यावं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरून जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचणी एका खेपेत सहसा उरकत नाही. दोन वर्षांच्या वह्या, उत्तरपत्रिका, डोळे-कानांचे अहवाल आणि वर्गशिक्षकांचं पत्र सोबत न्या. चाचणी मराठीतच घ्या म्हणून सांगा. प्रमाणपत्र असेल तर दहावीला तासामागे २० मिनिटं जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. पण ही धावपळ दहावीच्या दिवाळीत सुरू केली तर फार उशीर होतो.

प्रश्न : सात वर्षांची नात बोलता बोलता थांबते, एकटक पाहते, पापण्या फडफडतात. आठ-दहा सेकंदांत पुन्हा नेहमीसारखी. दिवसातून बरेचदा होतं. घरात नजर लागली म्हणतात.
— एक आजोबा, गुहागर

उत्तर : ही अ‍ॅबसन्स प्रकारची फिट, म्हणजे काही सेकंद भान हरपणारा झटका, असू शकते. तंद्री लागलेलं मूल दंडाला हात लावला की वळून पाहतं. फिट असेल तर ती हाकेने, स्पर्शाने तुटत नाही, आपली आपण थांबते. मोबाइलवर चित्रण करा, दिवसाला किती वेळा होतं ते लिहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढताना मुलीला काही मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, त्याने झटका येऊन निदान पक्कं होतं. घरी हा प्रयोग करू नका. औषधाने बहुतेक मुलांचे झटके आटोक्यात येतात, पण ते मनाने थांबवलं तर पुन्हा उसळतात. नजर काढायची तर काढा, मात्र त्यासाठी डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

तोवर विहीर, खाडी, तळं इथे ती एकटी नको. झाडावर चढणं नको, न्हाणीघराला आतून कडी नको. बाईंना सांगा, ती परत भानावर आली की शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. कधी हातपाय आखडलेच तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. शिमग्यात पालखी अंगणात आली की कान दाबून किंचाळतो. चाकरमानी नातेवाईक म्हणतात, लाडावलाय.
— एक वडील, रत्नागिरी

उत्तर : ढोलाचा आवाज त्याला खरोखर सोसत नाही, आणि तो कधी थांबेल हे कळत नसल्याने भीती दुप्पट होते. आठ दिवस आधी पालखीचे फोटो दाखवा, ढोलाचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात सुरू करून रोज थोडं वाढवा. त्या दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीला लावा : आंघोळ, पालखी, खोली, जेवण. कान झाकणारे हेडफोन आधीपासून घालायची सवय करा, ऐन वेळी चढवले तर तो काढून फेकेल. मागची एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा आणि तिथे नेण्यासाठी घरातलं एकच माणूस ठरवा. किंचाळायला लागण्याआधी तो हात झाडतो का, दाराकडे पाहतो का, हे ओळखून तेव्हाच न्या. नातेवाइकांना ते आल्या दिवशीच सांगून ठेवा : त्याला उचलून पालखीपुढे न्यायचं नाही.