जुन्या टाटा १६१३ ट्रकचं इंजिन बसलंय, म्हणजे जाम झालंय. दुसरं टाकावं की हेच बांधावं?
आधी हेड (वरचं झाकण) आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवून ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा बघा. तडा नसेल तर क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून, लायनर (पिस्टनभोवतीची नळी), पिस्टन, बेअरिंग बदलून हेच बांधा. जुन्या गाडीला मी तरी तेच करेन. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर मात्र दुसरं इंजिन. भंगार बाजारातलं घेताना बिलावरचा आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर ताडून बघा. घासलेला दिसला तर फुकटही नको! आरसीवर इंजिन नंबर असतो, म्हणून आरटीओत नोंद करावीच लागते. विमा कंपनीलाही कळवा.

आणि जुना ऑइल कूलर (इंजिन ऑइल थंड करणारा भाग) परत लावू देऊ नका, मिस्त्री काहीही म्हणो. बेअरिंगचा चुरा त्याच्या आत अडकतो, नीट धुऊन निघत नाही. मग नव्या बेअरिंगवर रेघा पडल्याच समजा.