जुन्या क्लासिक 350 चा बॉबर करतोय, व्हाइटवॉल टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय, 2016 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे, तिचा बॉबर (म्हणजे जास्तीचं काढून, छाटून सुटसुटीत केलेली गाडी) करायचाय म्हणून सीट एकट्याची केली, मागचं मडगार्ड छाटलं, आता पांढऱ्या पट्टीचे टायर टाकायचेत. ब्रँड सांगा, आणि त्या रबरी रिंगा मिळतात त्यांनी भागेल का तेही सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याची फी मी स्वतः भरलीय. नाही भागणार.

मी कोल्हापूरचा. माझ्या गाडीवर तिन्ही प्रकार करून झालेत. पहिल्यांदा रंग. टायर पॉलिश पेपरने घासला, पेट्रोलने पुसला (हे करू नका, पुढे सांगतो), पट्टी आखून पांढरा रबर पेंट दोन हात मारला. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "लग्नाला निघालायस का काय?" पण गाडी दिसत होती झकास. आंबोलीपर्यंत. टायर रस्त्यावर टेकतो तिथे त्याची बाजू दर फेऱ्याला फुगते आणि परत सरळ होते. रंगाला तेवढी लवचिकता नसते, त्यामुळे आधी केसासारख्या चिरा पडल्या, मग त्यात पाणी शिरलं आणि सावंतवाडीत चहाला थांबलो तेव्हा भिंतीचे पोपडे निघतात तसे पोपडे लोंबत होते. फोटोपुरती किंवा उभ्या ठेवायच्या गाडीला रंग ठीक. चालवायच्या गाडीला नाही.

मग रिंगा. या पूर्वी अँबेसिडरला, फियाटला लावलेल्या तुम्ही बघितल्या असतील. पांढऱ्या रबराची चकती असते, तिची आतली कड रिम आणि टायरच्या मध्ये दाबली जाते, बाहेरची कड मोकळी. शहरात चाळीसने फिरता तोवर काही कळत नाही. हायवेला लागलो, कागलच्या पुढे ऐंशी गाठली आणि मागून फट् फट् फट् असा आवाज सुरू झाला. मला वाटलं चेन गेली. थांबून बघतो तर मोकळ्या कडेत वारा शिरून रिंग कानासारखी फडफडत होती. ते एकवेळ सोसलं असतं. पण सहा महिन्यांनी रिंग काढली तेव्हा खाली टायरच्या बाजूवर गोल चर पडलेला दिसला. रिंग आणि टायर यांच्यात बारीक वाळू अडकते आणि चाक फिरेल तशी ती सहाणेसारखी घासत राहते. टायरची बाजू मुळातच पातळ. नक्षी शाबूत असताना तो टायर मी फेकून दिला.

म्हणजे राहिला तिसरा, खरा व्हाइटवॉल. यात पांढरं रबर टायरच्या अंगातच असतं. टायर साच्यात भाजताना काळ्या रबराच्या जोडीनं पांढऱ्याचा थर बसवतात, त्यावर काळ्याचा पातळ पापुद्रा असतो आणि शेवटी तो घासून पट्टी उघडी करतात. त्यामुळे ती सुटत नाही, सोलत नाही. मळते मात्र भरपूर.

गंमत म्हणजे रबर मुळात काळं नसतंच, दुधी असतं. 1910 च्या दशकात टायरमध्ये काजळी घालायला लागले, कारण काजळीने रबर कित्येक पट कमी झिजतं आणि उन्हाला टिकतं. काही कारखाने पैसे वाचवायला फक्त रस्त्याला लागणारा भाग काळा करायचे आणि बाजू पांढरी ठेवायचे. म्हणजे पांढरी बाजू ही तेव्हा काटकसर होती, पूर्ण काळा टायर भारी! पुढे अमेरिकेत ते उलटं झालं आणि पांढरी पट्टी श्रीमंतीची खूण ठरली. हे सांगायचं कारण एवढंच की पांढऱ्या पट्टीने पकड वाढत नाही, आयुष्य वाढत नाही. ती निव्वळ हौस आहे. तेव्हा टायर आधी टायर म्हणून चांगला पाहिजे, पांढरा नंतर.

आता ब्रँड. खरं सांगू का, तुमचा प्रश्न ब्रँडचा नाहीच, मापाचा आहे. तुमच्या गाडीला पुढे 90/90-19 आणि मागे 110/90-18 असणार (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचात). या मापांत खरा व्हाइटवॉल शोधायला गेलात की चपला झिजतील. जगातले बहुतेक मोटारसायकल व्हाइटवॉल हार्ली आणि त्या वळणाच्या क्रूझरसाठी बनतात आणि त्यांच्या मागच्या चाकाचं जुनं ठरलेलं माप 16 इंची. डनलॉपचा डी 402, मेट्झेलरचा एमई 888, शिंकोचा 777, हे सगळे त्याच घरातले. (शिंको कंपनीचे टायर कोरियात बनतात. 1998 मध्ये योकोहामाचे मोटारसायकल टायरचे साचे आणि तंत्र तिने विकत घेतलं, म्हणून नाव नवं वाटलं तरी घराणं जुनं आहे.) यांच्यात 130/90-16 किंवा एमटी 90-16 असं लिहिलेलं दिसेल. दोन्ही एकच समजा.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर मागची रिमच 16 ची केली असती. याला दिसण्याचंही कारण आहे. टायरच्या बाजूची उंची म्हणजे रुंदीच्या दुसऱ्या आकड्याइतके टक्के. 110/90 ला 99 मिलिमीटर, 130/90 ला 117. पांढरी पट्टी जिथे बसते ती भिंतच जवळजवळ पाऊण इंचाने वाढली. बॉबरला मागून जो गुबगुबीतपणा लागतो तो तिथून येतो. तुमच्या 18 इंची रिमवर पट्टी सायकलच्या टायरसारखी बारीक वाटेल. पूर्ण चाकाचा व्यास मात्र फारसा बदलत नाही. 110/90-18 चा साधारण 655 मिलिमीटर, 130/90-16 चा 640. गाडी मागून सात-आठ मिलिमीटर खाली बसेल, पिकअप किंचित चढेल, टॉपला इंजिन थोडं जास्त ओरडेल. तुमच्या गाडीची मीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे काटा खोटं बोलणार नाही.

रिम बदलताना साधारण 3 इंच रुंदीची घ्या, हबला जितकी भोकं तितक्याच भोकांची. तारा नव्या लागतील, कारण लांबी कमी होते. जुन्या तारा कापून आटे पाडून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा. तारा भरल्यावर रिमचा आऊट (फिरताना इकडेतिकडे डुलणं) नीट काढून घ्या. काळ्या टायरमध्ये दोन मिलिमीटरचा आऊट कुणाला दिसत नाही, पांढरी पट्टी फिरताना लांबूनही डुलताना दिसते.

आणि चिमट्यातली (मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तिथली) जागा मोजा. 130 चा टायर दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर जास्त येतो. चेनच्या बाजूला हवा भरलेला टायर आणि चेन यांच्यात तुमचं बोट आरामात गेलं पाहिजे. गेलं नाही तर चेन टायर खाईल, किंवा तुम्ही चाक एका बाजूला सरकवाल आणि गाडी आयुष्यभर तिरकी पळेल.

पुढच्या 19 ला निवड कमी आहे, पण आता एक वाट झालीय. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या मोटोव्हर्स या आपल्या मेळाव्यात गोअन क्लासिक 350 आणली. ती कारखान्यातूनच व्हाइटवॉलवर येते, पुढे 100/90-19, मागे 130/90-16, म्हणजे तुम्हाला हवी ती जोडी. (ज्या राज्याची माती सर्वात लाल, त्याचं नाव गाडीला द्यायचं आणि टायर पांढरे! असो.) तेव्हा परदेशी टायरच्या मागे लागण्याआधी सुट्या भागांच्या काउंटरवर या टायरची चौकशी करा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते टायर ट्यूबलेस आहेत आणि त्या गाडीच्या तारांच्या रिमाही ट्यूबलेस आहेत. तुमच्या रिमा तशा नाहीत, म्हणून आत ट्यूब टाकावीच लागेल. दुसरं, तुमची पुढची रिम 90 च्या टायरसाठी आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, पण बाजू आत चिमटली जाते आणि रस्त्याला लागणारा माथा टोकदार होतो. गाडी वळणात पटकन पडल्यासारखी वाटते. रिमची रुंदी मोजा, टायर किती रुंदीची रिम मागतो ते विचारा, जुळत नसेल तर पुढचीही रिम बदला.

परदेशी घेणारच असाल तर दुकानदाराशी बोलण्याआधी टायरशी बोला. जून 2020 पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे बाजारात जुना माल फिरत राहतो. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. मला एकाने "कालच कंटेनर आला" म्हणून टायर दिला होता. घरी येऊन आकडे वाचले तर माल चार वर्षांचा. पांढरं रबर अंधारात ठेवलं तरी म्हातारं होतं. पट्टी अंगठ्याने दाबून बारीक चिरा दिसतात का ते बघा. मापाच्या पुढे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, असतो. मागच्याला 61 म्हणजे 257 किलो, त्याच्या खाली जाऊ नका. मोठ्या क्रूझरच्या टायरला तो बराच जास्त असतो, ती काळजी नाही. आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा.

आणि त्या जुन्या 1940 च्या नक्षीचे, चपट्या माथ्याचे टायर आवडले असतील, आवडतातच, मलाही आवडतात. सपाट रस्त्यावर मजा. पण गाडी घाटात तिरकी झाली की माथ्याची कड संपते, आणि पावसात ते मला नकोत. तुमचा रोजचा रस्ता कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत.

कायद्याचं एवढंच सांगतो की पांढऱ्या रंगाला कुणी हरकत घेणार नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल येतात आणि टायरच्या मापाआधी तुमचं छाटलेलं मडगार्ड नजरेत भरेल. आरटीओत विचारून घ्या.

टायर बसवताना स्वतः समोर उभे राहा. पंक्चरवाल्याच्या लिव्हरला दहा वर्षांचं ग्रीस असतं आणि त्याचा एक ओरखडा पांढऱ्यावर कायमचा राहतो. लिव्हरखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालायला सांगा, कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा. नव्या टायरच्या पट्टीवर निळसर थर असेल. तो संरक्षणासाठी असतो, डाग म्हणून परत करायला जाऊ नका. टायर बसल्यावर कोमट पाणी, साबण आणि ब्रश घेतला की निघतो. तो तसाच ठेवून उन्हात फिरवू मात्र नका.

पुढे रोजचं. देशावरची काळी माती धुतली की जाते. कोकणातली लाल माती वाळली की पट्टीला गुलाबी छटा देते, म्हणून घाट उतरून आलात की त्याच संध्याकाळी पाणी मारा. भांड्याचा साबण आणि नरम ब्रश पुरतो, हट्टी डागाला खायचा सोडा. पेट्रोल, रॉकेल अजिबात नको, रबर फुगतं आणि पिवळं पडतं. टायर चमकवायचं काळं पॉलिश तर घरातच ठेवू नका. चेनला तेल घालाल तेव्हा रात्री घाला, म्हणजे सकाळपर्यंत मुरेल. सकाळी घालून लगेच निघालात तर डाव्या पट्टीवर शिंतोड्यांची रांगोळी उठते. इतकं करूनही वर्षा-दोन वर्षांत पट्टी किंचित तपकिरी होते, कारण काळ्या रबरातली रसायनं हळूहळू पांढऱ्यात उतरतात. तेव्हा बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पीटीच्या बुटांना लावायचा पांढरा खडू मी एकदा लावून बघितला होता. गल्लीच्या टोकापर्यंत टिकला.

आमच्याकडे दर रविवारी अंगणात मी चाकं घासत बसतो आणि आई म्हणते, एवढी भांडी घासली असतीस तर सून आली असती. तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल तर काळे टायर टाका आणि रिमला पांढरी पिनस्ट्राइप, म्हणजे बारीक रेघ, मारून घ्या, बॉबरला तेही शोभतं. असेल तर दोन्ही रिमांची आतली रुंदी, हबची भोकं आणि चिमट्यातली मोकळी जागा मिलिमीटरमध्ये मोजून इथेच लिहा. मापं बघून पुढचं सांगतो.