पट्टा थांबला म्हणजे बंद झाला असे नाही

प्रश्न : भिवंडीच्या आमच्या गोदामात माल वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्यावर खोका अडकला की मुले लाल बटण दाबून हात घालतात. मग धोका कसला? (सुपरवायझर)

लाल बटण मोटर थांबवते, पण लाइनची वीज तोडतेच असे नाही. लांब लाइनवर दुसऱ्या टोकाचा माणूस ते सोडवून पट्टा सुरू करू शकतो. पुष्कळदा तर बटणही दाबले जात नाही, कारण रोलर थांबलेलेच दिसतात. ते सेन्सरमुळे थांबलेले असतात. खोका निघून सेन्सरसमोरची जागा मोकळी झाली की आपोआप फिरू लागतात, आणि हात तिथेच असतो.

म्हणून आधी आयसोलेटर (लाइनची वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावा, नावाचा टॅग अडकवा, किल्ली खिशात ठेवा. दोघे काम करणार असतील तर कुलपेही दोन. पुशर (हवेच्या दाबाने खोके ढकलणारा दांडा) असेल तर हवेचा व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर शून्यावर आणा. पट्ट्याला ताण देणारे वजन लटकत असेल तर त्याला टेकू द्या. शेवटी लाल बटण सोडवून स्टार्ट दाबून पाहा. काहीच हलले नाही, तरच हात घाला.

प्रश्न : टेल पुली (पट्ट्याच्या मागच्या टोकाचा ड्रम) पुसताना जाड हातमोजे घातले तर चालेल? (फिटर, चाकण)

नाही. चालू पुलीवर हातमोजा बोटांच्या आधी ओढला जातो. मिनिटाला 60 मीटर चालणारा पट्टा अर्ध्या सेकंदात हात अर्धा मीटर आत नेतो. मागे घ्यायला वेळच उरत नाही. फडका, ओढणी, गळ्यातले ओळखपत्र यांचेही तेच. पट्टा बंद करून, कुलूप लावूनच पुसा.

हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या गार्डच्या जाळीची फट 12 मिमी असेल तर पट्टा आणि पुली जिथे मिळतात त्या जागेपासून जाळी किमान 100 मिमी लांब हवी. फट 40 मिमीच्या पुढे गेली की दंडच आत जातो. मग अंतर 850 मिमी लागते. पट्ट्याखालचे परतीचे रोलरही झाका, झाडणाऱ्याचा हात तिथेच पोहोचतो.

प्रश्न : हात अडकलाच तर पट्टा उलटा फिरवावा का?

कधीच नाही, कातडी आणखी सोलली जाते. वीज तोडा, 108 ला फोन करा, ताणाचे स्क्रू सैल करा. ताण पूर्ण उतरल्यावरच, गरज पडली तर, पट्टा कापा. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागू देऊ नका.

प्रश्न : कामगार ठेकेदाराचा आहे. भरपाई कोणाकडे मागायची?

ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) नोंद असेल तर उपचार तिथेच होतात आणि तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजंदारीच्या 90 टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराने हप्ते भरले नाहीत तरी मुख्य मालकाची (ज्याच्या जागेत काम चालते त्याची) जबाबदारी सुटत नाही. अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत करून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.