बोका ट्रेबाहेर शू करतोय? लिटर बदलण्याआधी गोळे मोजा

"दोन वर्षांचा बोका, पंधरा दिवसांपासून ट्रेच्या शेजारी शू करतोय, तीन प्रकारचं लिटर आणून झालं, आता कुठलं आणू?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी मी शब्दशः हेच विचारत फिरत होते.

लिटरचं, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पसरतात त्या वाळूसारख्या दाण्यांचं, नंतर सांगते. आधी ट्रेमधले शूचे गोळे मोजा, म्हणजे शूने भिजून लिटरचे जे गोळे बांधले जातात ते. धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण 2 ते 4 गोळे पडतात आणि ते बऱ्यापैकी मोठे असतात. वाटाण्याएवढे दहा-बारा दिसले, किंवा तो ट्रेत नुसता बसून राहतो, कण्हतो, सारखं खालून चाटतो असं दिसलं, तर लिटरचा विचार बाजूला ठेवा.

मी ते केलं नाही. मला वाटलं, नवं लिटर आवडलं नाही म्हणून रुसलाय. जिथे त्याची लस टोचून घ्यायचो त्या दवाखान्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पलीकडून उत्तर आलं, "स्वभावाचा प्रश्न आहे, सुगंधी लिटर वापरून बघा." घेऊन या, लघवी तपासू, असं कुणी म्हणालं नाही. बोका आहे की मांजरी, एवढंसुद्धा विचारलं नाही! आणि तोच तर कळीचा प्रश्न होता. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकून ती बंद होते. पूर्ण बंद झाली की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. माझा बोका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलट्या करत कोपऱ्यात पडला, तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरांकडे पळाले. नळी घातली, चार दिवस तिथेच ठेवला. वाचला. पण ते वाया घालवलेले दोन दिवस मी अजून विसरलेले नाही, आणि त्या दवाखान्याचा रागही गेलेला नाही. मी डॉक्टर नाही, तुमच्या बोक्याला हेच झालंय असं माझं म्हणणं नाही. पण फोनवरच्या सल्ल्यावर थांबू नका, लघवी तपासून घ्या.

तपासणीत काही निघालं नाही, तर मग लिटर. माझं मत ठाम आहे: बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळे बांधणारं बेंटोनाइट, म्हणजे एका प्रकारच्या मातीचं लिटर. सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराच्या नाकाला तो नकोसा होतो. सिलिका जेलला वास कमी येतो हे खरं, पण त्यात गोळे बांधले जात नाहीत, म्हणजे मोजायला काही उरत नाही. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. बेंटोनाइटची धूळ उडते, घरात कुणाला दमा असेल तर टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचं लिटर बघा. फक्त ते कोरड्या जागी ठेवा, ओल लागली तर बुरशी धरते. अगदी लहान पिल्लांना मात्र गोळे बांधणारं नको, ती खाऊन बघतात.

आणि पंधरा दिवसांत तीन लिटर, हे थांबवाच. बदलायचं झालं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या.

शी-शू रोज दोनदा काढायची, ट्रे दोन-तीन आठवड्यांनी रिकामा करून धुवायचा. धुवायला साधा बिनवासाचा साबण आणि गरम पाणी. फिनाईल नको, त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही. ब्लीचही नको: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. ट्रेच्या बाहेर जिथे शू झाली, ती जागा मात्र एन्झाइमवाल्या क्लीनरनेच पुसा, नाहीतर आपल्याला येत नसलेला वास त्याला येत राहतो आणि तो परत तिथेच जातो. झाकणाचा ट्रे असेल तर झाकण काढून बघा, वास आतच कोंडतो. तळाला नखांचे ओरखडे पडले असतील तर ट्रेच बदला, कितीही घासलं तरी वास जात नाही. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रेचं काम दुसऱ्याकडे द्या, टोक्सोप्लाझ्माचा, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवीचा धोका असतो.

आज रात्री ट्रे पूर्ण साफ करून ठेवा आणि सकाळी गोळे किती, केवढे ते इथे लिहा. एकही नसेल आणि घरात दुसरीकडेही ओल सापडली नाही, तर लिहीत बसू नका, त्याला उचलून थेट डॉक्टरांकडे निघा.