मॉर्फिन ‘एसओएस’ लिहावं का?

प्रश्न : मी मुंबईत इंटर्न आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला ट्रॅमाडॉल हे कमी ताकदीचं वेदनाशामक पुरेनासं झालं, की केसपेपरवर ‘मॉर्फिन १० मिग्रॅ, एसओएस’ (म्हणजे दुखेल तेव्हाच घ्या) एवढंच लिहिलं जातं. घड्याळी डोस दिला तर सवय लागेल, असं सीनियर सांगतात. हे बरोबर आहे का? – एक इंटर्न, परळ

उत्तर : नाही. साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास टिकतो. ‘एसओएस’ लिहिलं की रुग्ण कळ असह्य होईपर्यंत दात-ओठ खात थांबतो. मग एका गोळीने भागत नाही. तो पुन्हा मागायला लागला की आपणच म्हणतो, बघा, सवय लागली!

सुरुवात दर चार तासांनी ५ मिग्रॅ, म्हणजे १० ची अर्धी गोळी. वृद्ध, अशक्त रुग्णाला २.५. वेळा चिठ्ठीवर लिहूनच द्या : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६; रात्री १० ला दुप्पट, म्हणजे दोनला उठवायला नको (फार अशक्त माणसाला मात्र दुप्पट नको). ट्रॅमाडॉल बंद. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग जादा. असे किती लागले ते वहीत टिपून दुसऱ्या दिवशीचा डोस ठरवा. गिळता येत नसेल तर साधी गोळी कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) चालते. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कधीच कुटायची नाही.

त्याच चिठ्ठीत बिसाकोडिल हे पोट साफ करणारं औषध हवंच. मळमळ, गुंगी बहुधा चार-पाच दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. शौचाला होत नाही म्हणून रुग्ण गोळ्या टाकतो आणि दुखणं पुन्हा मूळपदावर.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय सही करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साचतात. अंग झटकतं, गुंगी वाढते, श्वास मंदावतो. श्वास मिनिटाला ८ च्या खाली गेला आणि हाक मारून उठत नसेल, तर ऑक्सिजन लावून सीनियरला बोलवा. नॅलोक्सोनची (मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या औषधाची) ०.४ मिग्रॅची अँप्यूल १० मिलीपर्यंत सलाइनमध्ये पातळ करून शिरेतून एकेक मिली, दर दोन मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंतच. सगळी एकदम दिली तर कळ उसळून येते.

आधी दारूचं किंवा नशेचं व्यसन असेल तर औषध नाकारू नका. आठवड्यापुरतंच द्या, गोळ्या घरातल्या एका माणसाच्या ताब्यात.

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण गावच्या मेडिकलमध्ये ते मिळेल या भरवशावर कुणाला एसटीत बसवू नका. पुढच्या खेपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मोजून द्या : वरच्या डोसाने दिवसाला ३० मिग्रॅ म्हणजे १० च्या तीन गोळ्या. १४ दिवसांनी बोलावलं असेल तर ४२, वर जादा डोससाठी आठ-दहा. उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेला परत आणायला सांगा आणि मोजून घ्या.