मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो. सुरेल आणि जरा वेगळा असा एखादा फिनिश मेटल अल्बम सुचवाल का?

एकच सुचवतो: हेलसिंकीच्या अमॉर्फिस या बँडचा 'एलेजी', १९९६ सालचा. फिनिश मेटल म्हटलं की नाइटविश आणि चिल्ड्रन ऑफ बोडम ही नावं आधी निघतात. ती मंडळी उत्तमच आहेत, पण तुमची तक्रार ऐकल्यावर मला हाच अल्बम आठवला.

आरडाओरडा यातही आहे, हे आधीच सांगून टाकतो. तोमी कोइवुसारी गिटार वाजवता वाजवता घशातून घोगरा, गुरगुरता आवाज काढतो. पण याच अल्बमपासून पासी कोस्किनेन हा दुसरा गायक बँडमध्ये आला आणि त्याच्या साध्या, मोकळ्या आवाजाला इथे भरपूर जागा मिळाली. तरी माझ्या लेखी अल्बमचा खरा गायक तिसराच आहे, तो म्हणजे एसा होलोपाइनेनची गिटार. शब्द कळले नाहीत तर नाही कळले, तुम्ही गिटारची चाल धरून चला. 'ऑन रिच अँड पुअर'ची चाल एखाद्या जुन्या लोकगीतातून उचलल्यासारखी वाटते आणि चार दिवस डोक्यातून जात नाही.

मिसळणीबद्दल म्हणाल तर डेथ मेटलचं, म्हणजे मेटलच्या जड, गुरगुरत्या प्रकाराचं वजन आहे, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकसारखे (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) किबोर्ड आहेत आणि 'बेटर अनबॉर्न'मध्ये पौर्वात्य वळणाचे सूर आहेत. 'केअर्स'मध्ये तर मध्येच नाचाचा ठेका घुसतो. ते गाणं मला जरा विसविशीत वाटतं, पण त्यावर जीव टाकणारेही आहेत.

आता शब्दांकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे. आधीच्या १९९४ च्या अल्बमसाठी त्यांनी 'कालेवाला' हे फिनिश महाकाव्य घेतलं होतं. 'एलेजी'चे शब्द 'कान्तेलेतार'मधले आहेत. एलियास ल्योनरोत या डॉक्टरने गावोगाव फिरून लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली, त्यांचा हा १८४० सालचा संग्रह. बँडने त्याच्या कीथ बॉस्लीकृत इंग्रजी अनुवादातून शब्द घेतले. महाकाव्यात वीर आणि जादूगार. इथे मात्र अनाथ पोर, किनाऱ्यावर रडणारं कुणीतरी, गरीब-श्रीमंतांचा हिशेब. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

'माय कान्तेले' नीट ऐका. कान्तेले हे फिनलंडचं तारा छेडून वाजवायचं पारंपरिक वाद्य. महाकाव्यात वाइनामोइनेन हा म्हातारा गायक ते एका मोठ्या माशाच्या जबड्यापासून बनवतो. हे गाणं ती कथाच खोडून काढतं: असं सांगणारे खोटं बोलतात, माझं वाद्य दुःखातून घडलंय, त्याच्या तारा यातनांच्या आहेत. महाकाव्याला असं तोंडावर उत्तर देणारं लोकगीत आणि ते वाजवणारा मेटल बँड! मला तरी हे भन्नाट वाटतं.

हे गाणं अल्बममध्ये दोनदा आहे. पाचवं जड, विजेच्या गिटारींचं. शेवटचं, अकरावं, अकूस्टिक. तुम्ही उलटं करा: आधी अकरावं ऐका, चाल ओळखीची झाली की पाचव्याकडे जा. मग 'द ऑर्फन' आणि 'ऑन रिच अँड पुअर'. 'बेटर अनबॉर्न'पासून ओळीने सगळा अल्बम ऐकायचा तो त्यानंतर.

आणि हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर बेस आणि किबोर्ड गायब होतात आणि उरतो तो नेमका तुम्हाला नको असलेला आरडाओरडा.

आवडलाच तर पुढे 'एक्लिप्स' घ्या, २००६ चा. त्यात तोमी योउत्सेन हा नवा गायक आहे आणि गुरगुरणं व गाणं दोन्ही तो एकटाच सांभाळतो.